टांकसाळीची चूक की नंतरची इजा?

नाण्यांविषयी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच शंका आहे: हाती आलेले विचित्र नाणे टांकसाळीतूनच तसे बाहेर पडले, की नंतर कुणाच्या हातून बिघडले? त्यांतली निवडक पत्रे इथे घेतली आहेत. नाण्याबद्दल लिहिताना दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, तसेच वजन अवश्य कळवा. वजनाशिवाय निम्म्या पत्रांना उत्तर देता येत नाही. १० पट मोठे दाखवणारे भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, व्यास मोजायला व्हर्नियर आणि साधे चुंबक एवढी हत्यारे पुरतात.

आमच्या पोदेराने पावाचे सुट्टे परत देताना दोन रुपयांचे (२०११ नंतरचे) एक नाणे दिले. एका बाजूने चंद्रकोरीएवढा तुकडा गेलेला आहे, जणू कुणी चावा घेतला असावा. टांकसाळीत असे होते का, की कुणी पत्र्याच्या कात्रीने कापले?
– एक वाचक, म्हापसा

टांकसाळीत असे होते, आणि का होते ते कळले की खरे-खोटे ओळखणे सोपे जाते. धातूच्या लांब पट्टीतून आधी गोल चकत्या पंच करून काढतात. त्या तापवून मऊ करणे, धुणे, कडा दाबून थोड्या उचलून घेणे ही कामे झाली की चकती प्रेसमध्ये दोन डायच्या (नाण्याचे चित्र उलटे कोरलेल्या ठशांच्या) मध्ये येते. भोवती पोलादी कॉलर असते. एकाच दाबात दोन्ही बाजूंची छाप उठते आणि पसरणारा धातू कॉलरला टेकून थांबतो. आता पट्टी पंचाखाली पुरेशी पुढे सरकली नाही, तर पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि चकती कोर गेलेलीच निघते. म्हणजे तुकडा छाप उठण्याआधी गेला. कात्रीवाला तो छाप उठल्यानंतर काढतो. सगळी परीक्षा या क्रमाची आहे.

पहिल्यांदा खाचेच्या अगदी समोरची किनार पाहा. कडा उचलणाऱ्या यंत्रात चकती दोन बाजूंनी दाबली जात फिरते. एका बाजूला धातूच नसला तर समोरच्या बाजूवरही जोर बसत नाही आणि तिथली किनार पुसट, सपाट राहते. संग्राहक याला ब्लेकस्ली इफेक्ट म्हणतात. कापलेल्या नाण्यात समोरची किनार ठणठणीत असते. खाच फारच लहान असेल तर ही खूण नीट दिसत नाही, तेव्हा एवढ्यावरच थांबू नका.

मग खाचेजवळची अक्षरे भिंगाखाली धरा. खऱ्या चुकीत दाब बसताना तिथला धातू रिकाम्या जागेकडे सरकतो, त्यामुळे अक्षरे खाचेकडे जाताना किंचित ताणलेली, विरत गेलेली दिसतात. कापलेल्या नाण्यात अक्षर शेवटपर्यंत पूर्ण उंचीचे असते आणि सुरीने काकडी कापावी तसे मध्येच तुटते. खाचेच्या भिंतीवर समांतर बारीक रेघा असतील, नखाला बोचणारी धार असेल, किंवा तिथलाच धातू बाकीच्या नाण्यापेक्षा चकचकीत असेल तर ती कानशीची खूण.

आणखी एक सोपी चाचणी: दुसरे दोन रुपयांचे नाणे त्या खाचेत बसवून पाहा. खाच पंचाने झालेली असल्याने तिची वक्रता जवळजवळ त्याच आकाराच्या वर्तुळाची असते आणि दुसरे नाणे तिथे बऱ्यापैकी बसते. कात्रीची किंवा ग्राइंडरची खाच सहसा तशी बसत नाही. पट्टीच्या टोकाशी पंच पडला तर खाच सरळ रेषेतही येते, हे मात्र लक्षात असू द्या.

वजन इथे निकाल देत नाही. २०११ च्या मालिकेतले दोन रुपयांचे नाणे २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅमचे. तुकडा कसाही गेला तरी ते कमीच भरणार.

बसमध्ये मिळालेल्या दहाच्या नाण्यात मधला पांढरा भाग उलटा आहे. सिंहांच्या बाजूला मध्ये आकडा, आणि आकड्याच्या बाजूला मध्ये सिंह. एक जण चांगली किंमत द्यायला तयार आहे. विकू का?
– एक वाचक, पणजी

विकण्याआधी त्या माणसाला खरे काय ते सांगा. ही टांकसाळीची चूक असूच शकत नाही. दहाच्या नाण्यात बाहेरचे कडे आणि मधला गाभा दोन्ही कोरे असताना एकात एक बसवतात आणि मग एकाच दाबात दोन्हींवर छाप उठते. त्याच दाबाने गाभा कड्यात घट्ट होतो. डाय अखंड असते. सिंहांच्या डायखाली कडे आणि गाभा दोन्ही एकदमच येतात, म्हणून गाभ्यावर एका बाजूची आणि कड्यावर दुसऱ्या बाजूची छाप येण्याची वाटच नाही. कुणीतरी हातोडीने गाभा बाहेर काढून उलटा ठोकून बसवला आहे. सांध्यापाशी भिंग धरा: ओरखडे दिसतील, गाभा एका बाजूला किंचित वर किंवा खाली बसलेला असेल, अंगठ्याने दाबल्यावर कदाचित हलेलही. वजन ७.७१ ग्रॅमच्या आसपासच भरेल, कारण धातू कुठेच गेलेला नाही. वीसच्या बारा बाजूंच्या नाण्यालाही (२७ मिलिमीटर, ८.५४ ग्रॅम) हाच नियम.

खरी चूक असते ती गाभा सरकण्याची. कड्याचे भोक मध्यापासून बाजूला पडलेले असते, पण छाप आपल्या जागी असते आणि चित्राची किंवा अक्षराची रेघ पांढऱ्यावरून पिवळ्यावर न तुटता जाते. ती रेघ सांध्याशी तुटून सरकलेली असेल तर गाभा नंतर हलवला आहे.

काही दुकानदार दहाच्या नाण्यावरच्या किरणांची संख्या मोजून १५ किरणांचे नाणे खोटे म्हणून परत देतात. ती चूकही नाही आणि ते नाणे खोटेही नाही. दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले सर्व १४ नमुने चलनात वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले आहे. १० किरणांचे आणि १५ किरणांचे, दोन्ही घ्यायला हरकत नाही.

हॉटेलच्या लाँड्रीत ड्रायर दुरुस्त करताना आत दोनचे नाणे सापडले. ते इतर नाण्यांपेक्षा लहान आहे आणि किनार भिंतीसारखी उभी राहिली आहे. चुकीच्या चकतीवर छापले गेले असेल का?
– एक वाचक, कळंगुट

सापडले कुठे, यातच तुमचे उत्तर आहे. नाणे ड्रमच्या फटीत अडकते आणि महिनोन्महिने कडेवर आपटत राहते. प्रत्येक आपटीला कड थोडी आत दबते आणि धातू वर उचलला जातो. किनार जाड होते, व्यास २५ वरून २४ किंवा त्याहून खाली येतो, कडेलगतची अक्षरे किनारीखाली झाकली जातात. मध्यभागी मात्र सिंह जवळपास शाबूत राहतात.

काट्यावर ठेवा. ४.८५ ग्रॅमच्या जवळ भरले तर धातू फक्त आत ढकलला गेला आहे. एक रुपयाच्या (२०११ च्या मालिकेतल्या) चकतीवर दोनची छाप पडली असती तर वजन ३.७९ ग्रॅम भरले असते, व्यास २२ मिलिमीटरच्या आसपास आला असता, आणि अक्षरे किनारीखाली झाकली न जाता बाहेरच्या बाजूने कापली गेली असती. दोन्ही प्रकारांत नाणे लहानच दिसते, म्हणून काटा हवा.

जाता जाता: जुने एक रुपयाचे पोलादी नाणे आणि २०११ च्या मालिकेतले दोनचे नाणे, दोन्ही २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅमची आहेत. 'दोनचे नाणे एकच्या आकाराचे निघाले' अशी पत्रे येतात, त्याचे कारण एवढेच.

रुपयाच्या नाण्याला एका बाजूने सिंह वर उठलेले आहेत आणि दुसऱ्या बाजूला तेच सिंह खोल गेलेले, उलटे, आरशात दिसावे तसे. आकडा नाहीच. बाजारात याला 'लखी' म्हणतात असे ऐकले. खरे कसे ओळखावे?
– एक वाचक, डिचोली

लखी म्हणजे ब्रॉकेज. छापलेले नाणे प्रेसमधून बाहेर न पडता एका डायला चिकटून राहते. पुढची कोरी चकती येते तेव्हा एका बाजूने तिला डाय लागते आणि दुसऱ्या बाजूने ते चिकटलेले नाणे. नाण्यावरचे सिंह उठावाचे, म्हणून चकतीवर ते खोल आणि उलटे उमटतात.

नकली लखी बनवायची सर्वांत सोपी रीत म्हणजे दोन नाणी तोंडाला तोंड लावून व्हाइसमध्ये (कारागिराच्या पोलादी पकडीत) आवळणे. वर्कशॉपमध्ये पाच मिनिटांचे काम. पण अशा नाण्यावर त्या बाजूची मूळ छाप आधीच उठलेली असते आणि ती पूर्ण जात नाही. खोल सिंहांच्या खालून आकड्याचा किंवा अक्षरांचा चपटा झालेला अवशेष डोकावतो. नाणे उजेडात तिरपे धरून हळूहळू फिरवा, मोकळ्या जागेत तो दिसतोच. शिवाय दुसरे नाणेही तितकेच कडक असल्याने त्याची फक्त सर्वांत उंच ठिकाणे रुततात. त्यामुळे खोलगट चित्र उथळ आणि तुटक येते, कधी मध्यापासून सरकलेले किंवा तिरके. पाठीमागच्या बाजूला व्हाइसच्या जबड्याने दाबलेली सपाट चकाकी राहते.

खऱ्या पूर्ण ब्रॉकेजमध्ये आकड्याचा मागमूस नसतो आणि खोल चित्र स्वच्छ, सलग असते. चिकटलेल्या नाण्याने बरेच दाब खाल्ले असतील तर ते पसरत जाते, मग पुढच्या चकत्यांवर चित्र मोठे आणि धूसर येते. तेव्हा 'थोडे धूसर आहे, म्हणून खोटे' असा घाईचा निष्कर्ष काढू नका. आकड्याचा अवशेष आहे की नाही, यावर ठरवा.

तुम्ही लिहिले आहे की आकडा 'नाहीच'. भिंगाखालीही तसेच असेल तर नाणे जपून ठेवा, घासू नका, आणि एखाद्या जाणत्या संग्राहकाला प्रत्यक्ष दाखवा. फोटोत उठाव आणि खोली यांची नजरेला हमखास गल्लत होते.

पाच रुपयांचे पिवळे नाणे तांब्यासारखे लाल झाले आहे. तांब्याच्या चकतीवर छापलेले असेल का?
– एक वाचक, फोंडा

नाही. २००९ पासूनचे पिवळे पाचचे नाणे निकेल-पितळेचे आहे, म्हणजे त्यात तांबे, जस्त आणि थोडे निकेल. देवाची उपकरणी घासताना चिंच किंवा आमसुलांच्या पाण्यात नाणेही राहिले, तर आंबटात पृष्ठभागावरचे जस्त आधी निघून जाते आणि तांबे मागे उरते. लाली फक्त वरवरची असते. कडेवर झिजलेल्या जागी भिंगाने पाहा, आत पिवळा धातू दिसेल. समुद्राच्या वाळूत पडून राहिलेल्या नाण्यांचेही तेच होते, फक्त त्यांवर बारीक खड्डेसुद्धा असतात.

पाचचे पांढरे, चुंबकाला चिकटणारे नाणे मिळाले तर तेही चूक समजू नका. २००७ च्या सुमारास पाचची पोलादी नाणी निघाली होती. वजन तेच ६ ग्रॅम, व्यास तोच २३ मिलिमीटर.

एक रुपयाच्या नाण्यावर सालाखाली कसलीच खूण नाही, आणि दुसऱ्या एकावर 'भारत' मधले 'त' गायब आहे. दोन्ही चुका का?
– एक वाचक, पेडणे

पहिली नाही. सालाखाली चौकट (हिरा) म्हणजे मुंबई, पाच टोकांचा तारा म्हणजे हैदराबाद, गोल टिंब म्हणजे नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. कोलकात्याची खूण नसणे हीच तिची ओळख.

दुसऱ्या नाण्यात चूक असू शकते. डायच्या खोलगट अक्षरात वंगण आणि धातूची भुकटी साचली की तिथे धातू शिरत नाही. असे असेल तर 'त' च्या जागी पृष्ठभाग सपाट पण आजूबाजूसारखाच राहतो आणि शेजारचे 'र' सुद्धा थोडे विरलेले असते. कुणी अक्षर घासून काढले असेल तर तिथे उथळ खळगा असतो आणि एकाच दिशेच्या बारीक रेघा. बोटाने कळत नाही, बॅटरी जवळजवळ आडवी धरून उजेड टाका म्हणजे खळग्याची सावली पडते. तीच बॅटरी रेघांसाठीही वापरा. डायला तडा गेला तर नाण्यावर उठलेली रेघ येते, कारण धातू त्या तड्यात शिरतो. ओरखडा खोल असतो आणि त्याच्या दोन्ही काठांना सरकलेल्या धातूची बारीक वरंबी उभी राहते.

वंगण भरलेली नाणी पुष्कळ सापडतात. आवड म्हणून ठेवा, फार किमतीची आशा नको.

साल दुहेरी दिसते. डबल डाय म्हणायचे का?
– एक वाचक, मडगाव

बहुधा नाही. प्रेसमधली डाय थोडी सैल असेल तर दाब संपता संपता ती किंचित सरकते आणि नुकत्याच उठलेल्या आकड्याची बाजू चेपते. तिथे पायरीसारखी सपाट, चकचकीत पट्टी दिसते आणि मूळ आकडा त्या प्रमाणात बारीक होतो. याला मशीन डबलिंग म्हणतात आणि संग्राहक त्याला वेगळी किंमत देत नाहीत. खरी डबल डाय डाय बनतानाच घडते. तिच्यात दोन्ही प्रतिमा गोलसर उठावाच्या असतात, आकडा जाड होतो आणि कोपऱ्यांशी बारीक खाच पडून टोके दुभंगतात. पायरी सपाट की गोल, एवढेच पाहा.

आजीच्या पेटीत 'एस्तादो दा इंदिया' लिहिलेली १९५८ ची काही नाणी आहेत. आपल्या रुपयासारखी बाजूला फिरवली तर प्रत्येकाची मागची बाजू डोक्यावर उभी दिसते. इतक्या नाण्यांत एकच चूक कशी?
– एक वाचक, साखळी

सगळ्यांत सारखेच आहे म्हणजे ती चूक नाही, पद्धत आहे. भारताची आजची नाणी वरच्या आणि खालच्या टोकाला दोन बोटांत धरून पुस्तकाच्या पानासारखी फिरवली की मागची बाजू सरळ दिसते. पोर्तुगीज नाण्यांच्या दोन बाजू मुळातच एकमेकींच्या उलट लावलेल्या असत. ती डाव्या-उजव्या टोकांना धरून वरून खाली फिरवा, मागची बाजू सरळ येईल. तुमच्याकडे आहे ते एस्कुदोच्या काळातले चलन. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात १९५८ मध्ये रुपयाच्या जागी एस्कुदो आला तेव्हा एका रुपयाला ६ एस्कुदो असा दर होता. ही नाणी घासू नका. ब्राँझवरचा तपकिरी थर हा मळ नाही, एकदा गेला की परत येत नाही.

भारतीय नाण्यात मात्र पानासारखे फिरवल्यावर मागची बाजू तिरकी किंवा उलटी आली, तर डाय फिरलेली होती असे समजावे. ही चूक अखंड नाण्यात नंतर हाताने करताच येत नाही, म्हणून निर्धास्तपणे ठेवण्यासारखी आहे. फक्त दोन नाणी अर्धी घासून एकमेकांना चिकटवलेली नाहीत ना, यासाठी कडेवर आणि किनारीच्या आतल्या बाजूला सांधा शोधा आणि वजन करा. थोडासा तिरकेपणा बऱ्याच नाण्यांत असतो. घड्याळाच्या काट्याने मोजायचे तर ३ किंवा ६ वाजेपर्यंत फिरलेले नाणे लक्ष देण्याजोगे.

मोबाइलवर एकाने माझ्या एरर नाण्याचे काही लाख सांगितले, पण आधी 'नोंदणी फी' आणि कर भरायला सांगतो. रिझर्व्ह बँकेचे पत्रही पाठवले. भरू का? आणि पावसाळ्यात नाणी ठेवावीत कशी?
– एक वाचक, वास्को

एक पैसाही भरू नका. जुन्या नाण्या-नोटांच्या असल्या व्यवहारात आपण नाही, त्यासाठी कुठलीही फी किंवा कमिशन आपण घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. ते पत्र बनावट आहे. पैसे भरून झाले असतील तर आजच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. खरा खरीदार नाणे हातात घेतो, काट्यावर ठेवतो आणि पैसे तुम्हाला देतो.

ठेवण्याबद्दल: मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या खिशांचे अल्बम टाळा. ते पीव्हीसीचे असतात आणि आपल्या दमट हवेत त्यांतून चिकट, हिरवट द्रव सुटून नाण्याला लागतो. पारदर्शक खिडकीच्या पुठ्ठ्याच्या चौकटी घ्या, पण पिनांच्या नव्हे, चिकटणाऱ्या. इथल्या खाऱ्या हवेत स्टेपलची पिन गंजते आणि तो गंज पुठ्ठ्यातून नाण्यापर्यंत येतो. चौकटी झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलणाऱ्या पुड्या घेतल्या तर त्या कधी बदलायच्या ते कळते. नाण्यावर गोंद किंवा तेल असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये काही मिनिटे बुडवून तसेच सुकू द्या, खिडक्या उघड्या आणि शेजारी समई-निरांजन नको. नखांचे रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि रंग असतो. फडक्याने पुसायचा मोह आवरा. नाणे धरायचे ते नेहमी कडेने.